दुसरं पारडं

माझी बायको आता फार दिवस सोबत नाही, हे मला सगळ्यात आधी एका तव्याने सांगितलं. मी तो तवा तिला खाली ठेवायला लावला आणि वर हसलो.

तेव्हा मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. एकतीस वर्षं चिपळूण आणि आसपासच्या बाजारांत दुकानदारांचे काटे तपासत हिंडलो. पारड्याखाली चुंबक चिकटवलेला काटा मी दारातूनच ओळखायचो. मला येताना पाहिलं की मासळीबाजारात एकीने दुसरीला हाक मारून सावध केलंच म्हणून समजा. या दराऱ्याचा मला अभिमान होता. घरी मात्र त्याला कुणी विचारत नव्हतं.

घरी नूतन होती. ती वाचनालयात नोकरी करायची आणि तिला वस्तू घ्यायला आवडायच्या. मोठ्या नव्हेत, साध्याच. लसूण सोलायचं यंत्र, सहा आइस्क्रीमचे काचेचे कप, निळ्या दांड्याची छत्री. वस्तू घरात आली की माझा प्रश्न ठरलेला : "एवढ्या पैशाचं यात काय आहे?" तिचंही उत्तर ठरलेलं : "तुम्हाला शिक्का मारायची सवय लागलीय. सगळ्याच गोष्टींवर नसतो हो मारायचा." अठ्ठावीस वर्षं आम्ही हा एकच वाद घातला. खरं सांगायचं तर दोघांनाही तो आवडत होता.

मग एका गुढीपाडव्याला पुण्याहून आमची मुलगी अन्वी आली आणि दोघांना एकेक मोलपट्टी देऊन गेली. "आता भांडू नका. मनगटालाच विचारा," म्हणाली.

मोलपट्ट्या तोवर निम्म्या गावाच्या हातावर आल्या होत्या. त्यांचं शास्त्र समजायला अवघड नाही. वस्तूची किंमत दुकानदार सांगतो, पण तिचं मोल घेणाऱ्याच्या अंगात असतं. आवडीची वस्तू हातात आली की नाडीच्या दोन ठोक्यांमधलं अंतर किंचित बदलतं, कातडीवर न दिसणारा घाम येतो. पट्टी ते टिपते. पण हा पहिला आनंद दुकानाच्या पायरीवरच ओसरतो, म्हणून पट्टी घरातही हातावर राहते. मिक्सर आठवड्यातून किती वेळा फिरला, तो फिरवताना माणूस खूश होता की वैतागलेला, हे ती लक्षात ठेवते आणि लाखो मनगटांवरून आलेल्या अशाच माहितीशी ताडून बघते. मग गणित सरळ आहे. एका वापराचं समाधान गुणिले वापर किती वेळा होईल, भागिले किंमत. शंभरपैकी आकडा येतो. पन्नास आणि वर हिरवा, खाली लाल.

मला तर हे माझ्याच खात्याचं काम वाटलं. सोबत आलेलं चाळीस पानी पुस्तक मी एका बैठकीत वाचून काढलं, महत्त्वाच्या ओळींखाली पेनने रेघा मारल्या. आणि एका कागदावर लिहिलं : 'पन्नासच्या खाली काही घ्यायचं नाही.' तो कागद फ्रिजवर लावला गेला.

चौदा मेला आम्ही पेवेकरांच्या भांड्यांच्या दुकानात गेलो. कुकरची रिंग हवी होती. नूतनला कोपऱ्यात बिडाचा तवा दिसला. काळा, खरखरीत, चांगला जड.

"अहो, हा बघा ना. आईकडे अस्सा होता."

"घरात तवा आहे."

"तो काय तवा आहे? त्याला काही चिकटत नाही आणि त्यावर कशाला चवही येत नाही. घावन करावं तर बिडावर. नवा असतो तेव्हा फाडतो मेला, पण सहा-आठ महिने रोज वापरला ना, की असा मुरतो! आई म्हणायची, तवा तयार झाला की घावन आपणहून उठून येतं."

तिने दोन्ही हातांनी तवा उचलला. पट्टी लाल झाली. बावीस.

"बघ," मी म्हटलं. "मी नाही म्हणत. तुझंच मनगट म्हणतंय."

"मनगटाचं राहू द्या, मला विचारा की. मला हवाय."

"पन्नासच्या खाली घ्यायचं नाही असं ठरलंय."

"कुणी ठरवलंय? तुम्ही लिहिलंत आणि मी नुसतं चुंबक लावलं."

पेवेकर हसले. "वहिनी, साहेबांशी काय वाद घालता? त्यांनी माझ्या काट्याला शिक्का दिला नाही तर मी उद्या दुकान उघडायचं कसं?"

नूतनने तवा खाली ठेवला. काऊंटरला हात टेकून क्षणभर उभी राहिली. मला वाटलं, रुसली. मीही हसलो, कारण अठ्ठावीस वर्षांचा वाद मी जिंकलो होतो.

त्यानंतर मी जिंकतच गेलो. कोल्हापुरी चपला, लाल. त्या पहिला महिना चावतात आणि मग वर्षानुवर्षं पायाला लोण्यासारख्या लागतात. पट्टी म्हणाली अठरा. कापसाची नवी गादी, लाल. भिंतीवरचं घड्याळ, लाल. आणि दारावर येणारा अबोलीचा गजरा मात्र रोज हिरवा, नव्वदच्या वर. कोथिंबीर हिरवी, मासळीबाजारातली ताजी करंदी हिरवी, गरम बटाटेवडा तर सत्त्याण्णव. मी तिला चिडवायचो, "तुला आताशा नाशिवंत वस्तूंचंच वेड लागलंय." ती हसायची. गणपतीत तिचे ब्लाऊज सैल झाले, तेव्हा मी म्हटलं, "बारीक झालीस, बरं झालं. नवे शिवायला टाकू या." पण कापडही लाल निघालं, म्हणून मी ते राहू दिलं.

दिवाळीच्या आधी बाजारात नव्या वर्षाच्या दिनदर्शिका आल्या. आमच्या स्वयंपाकघरात दाराशेजारच्या खिळ्यावर ती लग्नापासून आहे. दूधवाल्याचे खाडे, गॅसचा दिवस, संकष्टी, सगळं तिच्यावरच. नूतनने एक उचलली. पट्टी लाल झाली. नऊ.

तिने ती ठेवली, दुसरी उचलली. नऊच. मग माझ्याकडे वळली. "तुम्ही धरा बरं."

माझ्या हातात चौऱ्याण्णव.

आता मी निरीक्षक माणूस. आकडा विचित्र आला की आधी यंत्र तपासायचं, हा आमचा पहिला धडा. मी तिची पट्टी काढून माझ्या हातावर बांधली, पाच मिनिटं थांबलो. माझा आकडा आला. परत तिच्या हातावर बांधली. पुन्हा नऊ. असं मी तीनदा केलं. शेजारचा फटाकेवाला काम सोडून बघत होता.

"काट्यात दोष नाही," मी जाहीर केलं. "तू हल्ली तारखा मोबाईलवरच बघतेस, म्हणून."

"हो," ती म्हणाली. "तसंच असेल."

तिचा आवाज जरा बदलला होता. तो मला ऐकू आला होता, हे मी आज कबूल करतो. पण मला घरी जाऊन आकाशकंदील लावायचा होता.

दिवाळी झाली आणि ती म्हणाली, "चार दिवस अन्वीकडे जाऊन येते." चाराचे नऊ दिवस झाले. परत आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मला घेऊन पेवेकरांच्या दुकानात गेली. तवा अजून तिथेच होता, बाजूला थोडा गंजलेला.

"उचला," ती मला म्हणाली.

"मी कशाला?"

"उचला हो."

मी उचलला. हिरवा. एक्याण्णव.

"बसला ना तुमच्या नियमात? मग घ्या." ती पेवेकरांकडे वळली. "आणि याच्या मापाचं स्टीलचं झाकणही द्या. नाव घालून."

आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर नाव आहे. वाटीपासून पिंपापर्यंत 'सौ. नूतन रेडीज' आणि खाली घेतल्याची तारीख. लग्नानंतरच्या पहिल्या चमच्यापासून तिचा हा शिरस्ता. दर वेळी पेवेकर न विचारताच यंत्र सुरू करायचे. आजही त्यांनी झाकण उलटं धरलं आणि सुई टेकवली.

"थांबा," नूतन म्हणाली. "नितीन रेडीज घाला."

पेवेकरांनी चष्म्यावरून बघितलं. मी म्हटलं, "अगं, तुझं असतं नेहमी."

"भांड्यावर नाव वापरणाऱ्याचं असतं."

"मग तू काय—"

सुई स्टीलवर घरघरत होती. नूतनने पट्टी सोडवली आणि काऊंटरवर ठेवली.

"जे टिकतं ते सगळं लाल," ती हळू आवाजात म्हणाली, "आणि जे उद्या सुकतं ते हिरवं. सहा महिने झाले, अहो. दिनदर्शिकेच्या दुसऱ्या दिवशी मी वाण्याकडे जाऊन बघितलं. तेलाची अर्ध्या लिटरची पिशवी हिरवी, पंधरा लिटरचा डबा लाल. तेल तेच. तेव्हाच कळलं. पुण्यात अन्वीने सगळ्या तपासण्या करून घेतल्या. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. पसरलाय."

पेवेकरांनी यंत्र बंद केलं होतं. झाकणावर 'नितीन रे' एवढंच उमटलं होतं. "पूर्ण करा, काका," ती म्हणाली.

घरी येऊन मी ते चाळीस पानी पुस्तक काढलं. अकराव्या पानावर मीच पेनने रेघ मारलेली होती : 'वापराचा संभाव्य काळ — वस्तूचा किंवा वापरणाऱ्याचा, जो कमी असेल तो.' ते कलम मला आवडलं होतं. कपाटात पडून राहणाऱ्या छत्र्यांबद्दल ते असावं, असं मी धरून चाललो होतो.

कंपनीला मी पत्र लिहिलं. उत्तर आलं, सभ्य होतं. पट्टीला रोग ओळखायला कुणी शिकवलेलं नव्हतं. तसा परवानाच त्यांच्याकडे नव्हता. मरणही तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की काही मनगटांवर नाडी, झोप, अंगाची ऊब आणि चालीचा वेग एका ठरावीक तऱ्हेने बदलत जातात, आणि त्या घरांत मग वस्तू पडून राहतात. चपला पडून राहतात, तवे पडून राहतात. का, ते तिला माहीत नव्हतं. ती वस्तू मोजते आहे असं आम्ही समजत होतो आणि ती माणूस मोजत होती.

काट्याला दोन पारडी असतात, हे मी नव्या निरीक्षकांना पहिल्या दिवशी शिकवायचो. आपलं लक्ष मालाच्या पारड्याकडे असतं, लबाडी दुसऱ्या पारड्यात असते. मी तीनदा काटा तपासला आणि दुसऱ्या पारड्यात माझी बायको आहे हे मला दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

पुण्याच्या डॉक्टरांना मी विचारलं, "मे महिन्यात आलो असतो तर?"

"तर ऑपरेशनचा विचार करता आला असता."

"करता आला असता म्हणजे किती टक्के?"

त्यांनी फाईल मिटली. "रेडीजसाहेब, हे आता नका विचारू."

परतीच्या गाडीत कुंभार्ली घाट उतरताना मी नूतनसमोर रडलो. चौदा मे, चपला, गादी, सैल झालेले ब्लाऊज, सगळं एकेक करून सांगितलं. तिने खिडकीकडचं तोंड वळवलं नाही.

"आजाराचं जाऊ द्या," ती म्हणाली. "ते मलाही कळलं नाही, आणि मनगट तर माझंच होतं. पण मी तुम्हाला हवाय म्हटलं होतं ना तवा? तोंडाने म्हटलं होतं. त्याचा राग आहे माझा."

"पट्टी बावीस म्हणाली गं."

"बावीस म्हणजे शून्य नव्हे! तुम्ही नुसता रंग बघितलात. बावीसही घेता येतात माणसाला. मेमध्ये घेतला असता तर आत्तापर्यंत मुरला असता. एक आख्खं घावन मिळालं असतं मला."

तिचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती तव्याच्या मागे लागली, म्हणजे मला लावलं. गंज खरवडून काढला. तीन दिवस भाताच्या पेजेत तवा बुडवून ठेवला. मग मंद आचेवर कांदा परतायचा, फेकून द्यायचा, पुन्हा परतायचा. नारळाची शेंडी तेलात बुडवून फिरवायची. ती ओट्याजवळ खुर्ची टाकून बसायची आणि माझ्यावर खेकसायची. "साबण लावलात तर बघा! अहो, पीठ वरून ओता, कडेने मध्ये या. आता झाकण. हात आवरा, लगेच उचकटू नका."

घावन फाटायचं. रोज फाटायचं. अर्धं तव्याला, अर्धं उलथन्याला. ती ते तुकडे नारळाच्या रसात बुडवून खायची, पुढेपुढे नुसता एखादा घास. "कालच्यापेक्षा कमी फाटलं," म्हणायची. मी त्या तुकड्यांकडे बघून रोज मनात दिवस मागे मोजायचो, मेपर्यंत.

पट्टी तिने पुन्हा कधी वापरली नाही, एका गोष्टीखेरीज. रोज सकाळी मी अबोलीचा गजरा आणायचो. तेवढ्यापुरती ती पट्टी मागून घ्यायची, गजरा तळहातावर ठेवायची आणि आकडा बघायची. ब्याण्णव. पंच्याण्णव. "चला, आजचा दिवस आहे," म्हणायची आणि मग केसांत माळायला लावायची. फेब्रुवारीत औषधांनी केस गेले, तरी उशीवर ठेवायला लावायची.

पाडवा आला. पट्ट्या घरात येऊन वर्ष झालं. अन्वी रजा घेऊन आली होती, तिने गुढी उभारली. नूतनने पलंगावरूनच हात जोडले.

त्यानंतर सहाव्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा गजरा आणला. तिच्या मनगटावर पट्टी बांधली. शेवटच्या भोकात लावूनही ती सैल होत होती. तळहात उघडून गजरा ठेवला.

पट्टी लाल झाली. अकरा.

संध्याकाळपर्यंत टिकणारी वस्तू होती ती.

तिचे डोळे मिटलेले होते. "किती?" तिने विचारलं.

एकतीस वर्षांत मी एकही खोटं माप लिहिलं नव्हतं. लाच नाही, भीड नाही, सख्ख्या मेहुण्याचा काटा मी जप्त केला होता.

"अठ्ठ्याण्णव," मी म्हटलं.

ती हसली. ओठांचा एकच कोपरा हलला. "मारा मग शिक्का."

मी गजरा उशीवर ठेवला, तिच्या कपाळावर तळहात टेकवला आणि तसाच ठेवून बसलो. अन्वीला हाक मारली. दुपारी अडीचला नूतन गेली. लोक जमले, सगळं आटोपलं, संध्याकाळी घरी आलो तेव्हा उशीवरचा गजरा तसाच होता, एकही फूल कोमेजलं नव्हतं. मी तो उचलला आणि अन्वीच्या गळ्यात पडून मोठ्याने रडलो.

मी पाच महिने तव्याला हात लावला नाही. तो गंजला. मग एक दिवस मला तो गंज बघवेना. पुन्हा खरवडला, पुन्हा पेज, कांदा, शेंडी. एव्हाना निवृत्त झालो होतो, वेळच वेळ होता. रोज एक घावन करायचो, फाटायचं, खायचो. खुर्ची तिथेच ठेवली होती.

मेच्या सुरुवातीला एका सकाळी झाकण काढलं तर घावनाच्या कडा सगळीकडून सुटलेल्या दिसल्या. उलथनं नुसतं लावलं आणि घावन उठून आलं. आख्खं, जाळीदार, पांढरं. तिने सांगितलं होतं तसंच, आपणहून. ते ताटात घेऊन मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. गार झालं. मग खुर्चीसमोर बसून खाल्लं. फार चांगलं झालं होतं आणि मला तिचा भयंकर राग आला, की ती इथे नाही.

त्याच दिवशी झाकण धुऊन पुसून मी पेवेकरांकडे नेलं.

"माझ्या नावाच्या वर तिचं घाला," मी म्हटलं.

पेवेकरांनी झाकण उलटं धरलं. थोडं घुटमळले. "कै. सौ. घालू ना, साहेब?"

"नको. नेहमीचं घाला. सौ. नूतन रेडीज."

सुई घरघरली. नाव झालं. त्यांनी मान वर केली. "आणि तारीख? आजची?"

"नाही," मी म्हटलं. "चौदा मे घाला. दोन वर्षांपूर्वीची."

त्या दिवशी याच काऊंटरपाशी तिने दोन्ही हातांनी तवा उचलून मला हवाय म्हटलं होतं, हे पेवेकरांच्या लक्षात होतं. त्यांनी तारीख घातली, झाकण फडक्याने पुसलं, आणि मी पैसे काढू लागलो तर माझा हात धरला.